रोजचा स्वयंपाक कोण करायची? बायकांच्या बाजूने इतिहास सांगण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जणी गेली काही वर्षं घराघरांतल्या आज्या-पणज्यांच्या आठवणी, वह्या, पत्रं आणि भांड्यांवरची नावंसुद्धा गोळा करतो. शाळांत, वाचनालयांत, महिला मंडळांत त्याबद्दल बोलतो. कार्यक्रम संपला की चिठ्ठ्या येतात, नंतर फोन येतात, आणि त्यातले बरेच प्रश्न पुन्हापुन्हा येणारे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, मग अडचणीचे.

१. 'हर्स्टोरी' हा शब्द सारखा कानावर येतो. तो आला कुठून?

अमेरिकेतून. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात होती. 'हिस्टरी' शब्दाच्या सुरुवातीला 'हिज' म्हणजे 'त्याचा' असं ऐकू येतं. त्या जागी 'हर' म्हणजे 'तिचा' घातलं की होते 'हर्स्टोरी', तिची गोष्ट. हा शब्द छापील लेखनात आणण्याचं श्रेय सहसा कवयित्री आणि कार्यकर्त्या रॉबिन मॉर्गन यांना देतात, साल १९७०. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे स्त्रियांच्या इतिहासाचं एक ग्रंथालय चळवळीची पत्रकं आणि नियतकालिकं जमवत होतं. त्या संग्रहाच्या मायक्रोफिल्मला हेच नाव दिलं गेलं. म्हणजे शब्द निघाला तेव्हाच त्याच्या जोडीला कागद सांभाळण्याचं काम सुरू झालं होतं. मला त्यातला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

२. पण 'हिस्टरी' हा तर मूळ ग्रीक शब्द. त्यात 'हिज' आहेच कुठे? मग हे चुकीचं नाही का?

व्युत्पत्ती म्हणून पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. ग्रीक 'हिस्तोरिया' म्हणजे चौकशी, शोध. इंग्रजीतल्या 'हिज'शी त्याचं काहीही नातं नाही. पण 'हर्स्टोरी' ही कोटी आहे, आणि कोटीला व्याकरणाचा दाखला मागत नाहीत. ऐकणारा क्षणभर अडखळतो आणि त्याच्या मनात येतं, खरंच, आपण शाळेत शिकलो त्यात बायका किती होत्या? तेवढ्यासाठीच ती केलेली असते. मात्र कोणी ही कोटी खरी व्युत्पत्ती म्हणून सांगत असेल तर थांबवावं. आपलं म्हणणं पक्कं असताना त्याला कच्चा आधार कशाला द्यायचा?

त्या काळात इंग्रजीत असे आणखी शब्द निघाले. 'वुमन'मधला 'मॅन' नको म्हणून काही जणींनी स्पेलिंगच बदललं. तत्त्वज्ञ मेरी डेली यांनी तर १९८७ मध्ये जेन कॅपुटी यांच्यासोबत बायकांनी उलटवलेल्या शब्दांचा अख्खा कोश काढला.

३. मराठीत 'हर्स्टोरी'ला काय म्हणायचं?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि याचं उत्तर द्यायला मला आवडतं.

शब्दाला शब्द शोधू नका. 'इतिहास' म्हणजे इति-ह-आस, 'हे असं घडलं'. त्यातल्या 'आस' या संस्कृत क्रियापदाला लिंगच नाही. तिथे 'तो'ही नाही आणि 'ती'ही नाही, त्यामुळे इंग्रजीतली कोटी इथे लागू पडत नाही. 'तीतिहास' वगैरे करून पाहिलेलं मी ऐकलं आहे, ते जिभेवर बसत नाही.

आपल्याकडे बाई गायब होते ती वेगळ्याच जागी, क्रियापदाच्या मागे. हे वाक्य बघा: 'आमच्या वाड्यात रोज पन्नास माणसांचा स्वयंपाक व्हायचा.' कोणाच्याही घरच्या आठवणी उघडा, हे वाक्य सापडेल. स्वयंपाक 'व्हायचा'. पाणी 'भरलं जायचं'. पापड-कुरडया 'असायच्या'. बाळंतपणं 'निघायची'. जणू पन्नास माणसांच्या भाकऱ्या आपोआप थापल्या जात होत्या. याच आठवणींत पुढे 'आजोबांनी विहीर बांधली' असं मात्र नेमकं, कर्त्यासकट येतं. (विहीर आजोबांनी बांधली का? पैसे त्यांनी दिले. खणणारे वेगळे होते आणि माती वाहणाऱ्या बायका वेगळ्या.)

म्हणून आम्ही लिहायला बसणाऱ्यांना एकच काम देतो. जिथे 'व्हायचा' दिसेल तिथे 'कोण करायची?' असं विचारायचं. एका मुलीने हे करून पाहिलं तेव्हा तिच्या चार पानी लेखात सात बायका निघाल्या. त्यातली एक लहानपणी विधवा झालेली आत्या होती, आणि तिने पंचेचाळीस वर्षं त्या घरची चूल सांभाळली होती. आधीच्या मसुद्यात ती कुठेच नव्हती.

नाव हवंच असेल तर 'तिची बाजू' म्हणा, 'बायकांचा इतिहास' म्हणा. साधे शब्द पुरतात.

४. म्हणजे मराठी बायकांनी असे शब्दखेळ केलेच नाहीत का?

केले, आणि अमेरिकेच्या कितीतरी आधी.

उखाण्यापासूनच बघा. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हा दंडक. त्यावर बायकांनी काय केलं, तर ते नाव यमकात लपवून, चारचौघींत हसतखेळत घ्यायचा प्रकार काढला. बंधनाचाच खेळ केला. उखाणा कोणी बंडखोरी म्हणून घेत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण न बोलायचं ते शब्दांच्या आडून बोलायचं ही सवय तिथे पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली.

मग १८८२. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' छापली. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचा खटला. बालहत्येसाठी तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. ताराबाईंच्या निबंधाचं शीर्षक पुढे लांबलचक आहे. स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी कोण' हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध, असं त्या म्हणतात. आजचा वाचक 'साहसी' म्हणजे शूर समजतो आणि तिथेच चुकतो. बायकांचे उपजत दोष मोजणारा एक जुना संस्कृत श्लोक चाणक्यनीतीत आहे. त्यात खोटेपणा, कपट, अतिलोभ यांच्या रांगेत 'साहस' आहे, म्हणजे बेगुमान अविचार. हाच शब्द ताराबाईंनी मुखपृष्ठावर ठेवला आणि विचारलं, सांगा, हा दोष जास्त कोणात? पुढे एकेक आरोप उचलून त्या पुरुषांसमोर धरत जातात. शिवीच आरसा करून परत दिली.

तिसरा खेळ पुस्तकांच्या नावांत आहे. पार्वतीबाई आठवले यांनी आत्मचरित्राला 'माझी कहाणी' म्हटलं, आनंदीबाई कर्वे यांनी 'माझे पुराण'. चरित्र थोर पुरुषांची, बखर राजांची. पुराण देवांचं आणि कहाणी व्रतांची. बायका आयुष्यभर पुराण ऐकायच्या देवळात आणि कहाणी सांगायच्या घरात. त्याच दोन शब्दांच्या आधी 'माझे' आणि 'माझी' लावलं की केवढा फरक पडतो ते मोठ्याने म्हणून पाहा.

५. दलित स्त्रियांचं लेखन याच परंपरेत धरायचं का?

त्याच रांगेत मुकाट्याने बसवू नका, कारण त्या रांगेबद्दलच त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न ३ मधल्या वाड्यात पन्नास माणसांचा स्वयंपाक करणारी बाई गायब झाली हे खरं. पण त्या वाड्याच्या अंगणापलीकडे जिला उभं राहू दिलं नाही, ती आपल्या आठवणींत येतच नाही.

पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. ताराबाईंच्या सत्तावीस वर्षं आधी. तिच्या शब्दांत बाईचं दुःख आणि जातीचं दुःख वेगळं काढता येत नाही. १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. त्या शीर्षकातलं 'ही' अक्षर किती ठिकाणी टोचतं ते बघा. पुरुषांच्या बरोबरीने आम्हीही, आणि सवर्ण स्त्रियांच्या चळवळीला उद्देशूनही आम्हीही. शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे नाव जसं बोलतात तसंच छापलं. 'माझ्या जन्माची चित्रकथा' असं 'शुद्ध' केलं असतं तर ती कोणाची कथा उरली असती?

म्हणून कोणाच्या मुलाखती उतरवून काढत असाल तर भाषा सुधारू नका. ही चूक आम्हीही सुरुवातीला केली. पहिल्या तीन मुलाखती प्रमाण मराठीत 'नीट' करून ठेवल्या, आणि टेप जपून न ठेवल्यामुळे त्या बायकांचे शब्द कायमचे गेले.

६. जात्यावरच्या ओव्या म्हणजे गाणी. त्यांना इतिहासाचा पुरावा कसं मानायचं?

ओवीत तारीख नसते. अमुक साली दुष्काळ पडला हे तिच्यावरून सिद्ध करायला जाऊ नका. पण पहाटे अंधारात, घरातले पुरुष झोपलेले असताना, दोघी जणी समोरासमोर बसून काय बोलत होत्या हे दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही. भावाची वाट, लेकीची काळजी, सासूचा जाच, नवऱ्याचा मार, आणि पुढे त्याच ओव्यांत बाबासाहेबसुद्धा येतात. हेमा राईरकर आणि गी पॉयटवें यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावी हिंडून सहकाऱ्यांबरोबर जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. एवढ्या बायका, एकमेकींना न भेटता, त्याच दुःखाला तेच शब्द वापरतात तेव्हा तो पुरावा नाही तर काय?

७. सीता-द्रौपदीच्या गोष्टी पुन्हा सांगणं हा इतिहास कसा?

सीतेचा इतिहास म्हणून तो सांगू नये. पण सीतेची गोष्ट सांगणाऱ्या बायकांचा तो इतिहास नक्कीच आहे. मराठी ओव्यांत कैकेयी सीतेला रावणाचं चित्र काढायला लावते. सीता म्हणते, मी तर मान वर करून पाहिलंच नाही, फक्त पायाचा अंगठा दिसला. ती अंगठा काढते, उरलेलं चित्र कैकेयी पूर्ण करते आणि रामाला दाखवते. सासुरवाडीत एका अंगठ्यावरून अख्खा माणूस रचून बाईवर आळ कसा घेतात, हे ज्यांनी सोसलं त्यांनीच ही गोष्ट घडवली असणार, असं मला वाटतं.

८. थोर स्त्रियांची यादी केली की काम झालं ना? जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई...

यादी हवीच, पण ती पहिली पायरी. इतिहासकार गर्डा लर्नर यांनी १९७५ मध्ये याला भरपाईचा इतिहास म्हटलं होतं: सुटलेली नावं भरायची, चौकट तीच ठेवायची. पुढच्या पायरीवर चौकटच हलते. जोन केली यांनी १९७७ मध्ये विचारलं, युरोपातला प्रबोधनकाळ बायकांच्या वाट्याला आला होता का? तसंच आपण विचारू शकतो. 'पेशवाई संपली' त्या दिवशी सोवळी विधवा म्हणून माजघरात बसलेल्या मुलीच्या आयुष्यात काय संपलं? तिचं शतक कदाचित १८१८ ला बदललंच नाही. ते बदललं असेल १८४८ ला, भिडेवाड्यात शाळा भरली तेव्हा, आणि तेही ती पुण्यात असली तरच.

९. नुसते शब्द बदलून काय होतं? 'विधवा' म्हटलं काय आणि दुसरं काही म्हटलं काय.

शब्द कोण बदलतं यावर ते ठरतं. दोन उदाहरणं पाहा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात बंद. तिथे आधी कृती बदलली. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं असा प्रस्ताव सरकारी पातळीवरून आला. ज्यांनी जुन्या लग्नपत्रिका पाहिल्या आहेत त्यांना 'सौ.' आणि 'गं. भा.' आठवत असतील. नवरा आहे की नाही हे बाईच्या नावाआधीच जाहीर करणारी ती अक्षरं. जुनाच शिक्का नव्याने मारायला निघाले म्हणून बायका चिडल्या, आणि त्यांचं चिडणं योग्य होतं.

याउलट 'एकल' हा शब्द चळवळीतून रुजला. 'परित्यक्ता' म्हणजे टाकलेली, त्यात कर्ता नवरा. 'विधवा' या शब्दाची फोड परंपरेने धवाविना, म्हणजे नवऱ्याविना, अशी करतात, त्यातही नवराच. 'एकल' म्हटलं की वाक्यात ती एकटी उभी राहते. संस्थांच्या कागदांवर, मोर्च्याच्या फलकांवर हा शब्द आधी त्या बायकांनीच वापरला.

१०. 'अध्यक्ष' म्हणायचं की 'अध्यक्षा'?

जिला म्हणायचं तिला विचारा. दोन्ही बाजूंना चांगली कारणं आहेत.

११. पणजीचं माहेरचं नाव घरात कोणालाच माहीत नाही. कसं शोधू?

लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहितात आणि जुनं नाव त्या दिवशी संपतं. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघीही जन्माने 'यमुना' होत्या. प्रश्न ४ मधल्या आनंदीबाई कर्वे माहेरी गोदू होत्या आणि पुढे सगळ्यांच्या 'बाया' झाल्या. ज्यांचं चरित्र लिहिलं गेलं त्यांचं नाव टिकलं. आपल्या पणज्यांचं तसं झालेलं नाही.

पहिल्यांदा माळ्यावरची भांडी काढा. मी हे गमतीने सांगत नाही. माझ्या आजीच्या आईचं नाव आम्हाला एका पितळी डब्याच्या तळाशी मिळालं. आईने चिंच लावून घासला तेव्हा हिरवट थराखालून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. कासाराने छिन्नीने ठोकलेली, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने खाली सरकलेलं. लग्नाआधी माहेरच्यांनी घातलेलं नाव होतं ते, आमच्या घरात ऐंशी वर्षांत कोणी न उच्चारलेलं. आई डबा हातात धरून ओट्यापाशी बराच वेळ उभी होती. मग तिने त्या नावाने एकदा हाक मारली.

भांड्यांत नाही मिळालं तर कागद. शाळेत गेली असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना चौदा, कोतवाल बुक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फेरफार, जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी. तिचा बाप वारल्यावर वारसनोंद झाली असेल, त्यात मुलींची नावं असू शकतात. पुष्कळदा त्यापाठोपाठ हक्कसोडपत्र असतं, भावांच्या नावे जमीन सोडून दिल्याचं, खाली अंगठा. आयुष्यात तिचं नाव सरकारी कागदावर एकदाच आलं, आणि तेही सोडून देण्यासाठी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. पण सोडपत्रावर सह्या अजून होतात. तो कागद मिळाला तर त्याची प्रत नक्की ठेवा.

पुढच्या पिढीला हा शोध थोडा सोपा जावा. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार, नव्या पिढीतल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं.

१२. आजी सांगते ते आणि कागद जुळत नाहीत. कोणाचं खरं धरू?

दोन्ही लिहा. आजी म्हणते 'लग्नात मी दहाची होते' आणि दाखल्यावर चौदा आहे, तर कदाचित कायद्यासाठी वय वाढवलं असेल, कदाचित तिची आठवण सरकली असेल. कोणतं ते तपासता आलं तर तपासा, नाही तर दोन्ही शेजारी ठेवा. मात्र 'आजीला नीट आठवत नव्हतं' असं परस्पर लिहू नका. कागद लिहिणाराही माणूसच होता, आणि वय सांगायला कचेरीत आजी गेली नव्हती.

१३. आजीने एक गोष्ट सांगितली आणि 'हे कुठे लिहू नको' म्हणाली. आता ती नाही. लिहू का?

नको. तिचं मौन हाही तिने घेतलेला निर्णय होता. बायकांचं ऐकून घ्यायचं म्हणून आपण हे काम करतो, मग नेमकं हेच कसं ऐकायचं नाही? तिने सांगितलंय एवढं स्वतःजवळ ठेवा. यावर आमच्यात मतभेद आहेत. काही जणी म्हणतात, नाव-गाव बदलून लिहावं. मला ते पटत नाही, छोट्या गावात नाव बदलून काही लपत नाही.

१४. माझी पणजी सुनेचा छळ करायची. तिचा इतिहास बाईच्या बाजूने कसा लिहू?

सुनेच्या बाजूने लिहा. सूनही बाईच आहे. पणजीने काय केलं ते मऊ करू नका. ती स्वतः कोणत्या वयात त्या घरात आली आणि तिला कोणी काय केलं, हे कळलं तर तेही लिहा, पण सबब म्हणून लिहू नका. विधवेचं केशवपन करायला बायकांनीच बसवलं, मोलकरणीला वेगळ्या कपात चहा बायकांनीच दिला. हे वगळून लिहिलेली गोष्ट गोड होईल, पण त्या मोलकरणीच्या नातीने वाचली तर तिला काय वाटेल?

१५. पुरुषांनी हे काम केलं तर चालेल का?

चालेल. ताराबाईंचा निबंध विस्मृतीत गेला होता, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. फक्त मुलाखत घेताना खोलीत कोण बसलंय हे पाहा. मुलगा समोर असला की आई वेगळं बोलते.

१६. काहीच मिळालं नाही. नाव नाही, कागद नाही, सांगणारं कोणी नाही. मग वंशावळीतून तिला वगळायचं का?

वगळू नका. जुन्या कुलवृत्तांतांत पुरुषांच्या नावांची झाडं छापलेली असतात आणि आई कुठल्याच फांदीवर नसते, जणू मुलगे बापांनाच झाले. आपल्या झाडावर तिचा चौकोन काढा. नाव नसेल तर जे ठाऊक आहे ते लिहा. आमच्याकडे जमलेल्या वंशावळींत असे बरेच चौकोन आहेत. एकात लिहिलंय, 'वाईकडची'. एकात, 'सात बाळंतपणं, तीन जगली'. आणि एकात, नातवाला त्याच्या आजोबांनी सांगितलेलं एवढंच: 'हिला पोहता यायचं.'